शेजारच्या दीर्घिकेतले वादळी तारे

१९८१ साली जोसेफ कॅसिनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक धाडसी दावा केला. मोठ्या मॅगेलनी मेघातल्या टॅरँट्युला तेजोमेघाच्या पोटात ‘आर१३६’ नावाचा जो लखलखीत ठिपका दिसतो, तो एकच तारा असून त्याचं वस्तुमान २,५०० सूर्यांएवढं असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. चारच वर्षांनी गेर्ड वायगेल्ट आणि गेरहार्ड बायर यांनी वातावरणाच्या थरथरीवर मात करणारं तंत्र वापरलं आणि त्या ठिपक्यात आठ वेगवेगळे तारे दाखवून दिले. पुढे हबल दुर्बिणीला तिथे ताऱ्यांचा अख्खा गुच्छच दिसला.

तरीही त्यातला ‘आर१३६ए१’ हा महाकायच ठरला. पॉल क्राउदर यांच्या गटाने २०१० मध्ये त्याचं वस्तुमान २६५ सूर्यांएवढं काढलं. २०२२ साली जेमिनी साउथ दुर्बिणीतून अधिक रेखीव प्रतिमा मिळाल्यावर हा अंदाज १७० ते २३० वर उतरला.

मोठा मॅगेलनी मेघ आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं दूर आहे. महाराष्ट्रातून तो जवळजवळ क्षितिजाआडच राहतो. तो नीट पाहायचा तर दक्षिण गोलार्ध गाठावा लागतो. इतक्या लांबचे तारे अभ्यासायला का निवडायचे? आकाशगंगेतले असे तारे बहुधा धुळीच्या पडद्याआड असतात आणि त्यांची अंतरंही नेमकी ठरवता येत नाहीत. अंतर चुकलं की तेजस्विता चुकते, आणि मग वस्तुमानही. मेघातले सगळे तारे मात्र जवळपास एकाच अंतरावर आहेत.

या ताऱ्यांचे वारे हा तर स्वतंत्र अभ्यासविषय. सूर्यवाऱ्याचं मूळ सूर्याच्या तप्त प्रभामंडलात आहे. इथे मात्र वारा ढकलतो तो प्रकाश. लोह, कार्बन, नायट्रोजन यांचे अणू अतिनील प्रकाश शोषतात आणि त्या धक्क्याने बाहेर फेकले जातात. जाताना भोवतालचा हायड्रोजनही ओढून नेतात. कॅस्टर, अ‍ॅबट आणि क्लाइन यांनी १९७५ मध्ये याचं गणित मांडलं. वेग सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटर. असा एखादा तारा दहा लाख वर्षांत एका सूर्याएवढं द्रव्य सहज उधळतो, म्हणजे सूर्याच्या काही कोटी पट वेगाने.

हा वारा मोजतात कसा? वर्णपटातली कार्बनची एखादी अतिनील रेषा घ्या. ताऱ्याच्या समोरचा वायू आपल्याकडे धावत येत असतो, म्हणून तो कमी तरंगलांबीच्या बाजूचा प्रकाश गिळतो आणि तिथे खोल खड्डा पडतो. आजूबाजूच्या वायूमुळे त्याला लागूनच एक उंचवटा उठतो. खड्ड्याचा टोकाचा काठ कुठे संपतो ते पाहिलं की वाऱ्याचा कमाल वेग हाती येतो. एका रेषेच्या वळणातून इतकं काही उलगडावं, ही या शास्त्राची खरी श्रीमंती.

अडचण आहे ती गुठळ्यांची. वारा एकसारखा नसून पुंजक्यापुंजक्यांनी वाहतो, आणि हे लक्षात घेतलं नाही तर द्रव्यनाश फुगवून मोजला जातो.

वारा ढकलण्यात जड मूलद्रव्यांचा मोठा वाटा असल्याने ती कमी असतील तिथे वारा मंद हवा. मोठ्या मेघात ती सूर्याच्या निम्मी, लहान मॅगेलनी मेघात सुमारे एक पंचमांश. निसर्गाने मांडून ठेवलेला हा प्रयोगच. ही अपेक्षा निरीक्षणांनीही खरी ठरवली. चिलीतल्या पारानाल इथल्या महादुर्बिणीतून क्रिस एव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली टॅरँट्युलातल्या आठशेहून अधिक ताऱ्यांची पाहणी झाली. हबलच्या ‘युलिसिस’ प्रकल्पाने दोन्ही मेघांतल्या तप्त ताऱ्यांचे अतिनील वर्णपट नोंदवून सर्वांना खुले केले.

या वाऱ्यावरच ताऱ्याचा शेवट ठरतो. वारा जोरकस असेल तर तारा झिजतो आणि मागे उरणारं कृष्णविवर लहान होतं. २०१५ मध्ये लायगोने टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरी ३६ आणि २९ सूर्यांएवढ्या कृष्णविवरांच्या मिलनातून आल्या होत्या. इतकी वजनदार जोडी उरायची तर त्यांचे जनक तारे जड मूलद्रव्यं कमी असलेल्या, मंद वाऱ्याच्या प्रदेशात जन्मलेले असावेत, असा तर्क त्यातून निघाला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळा अशाच लहरींचा उगम आकाशात अधिक नेमकेपणाने शोधायला मदत करील.

टॅरँट्युलाच्या पाहणीतूनच २०२२ साली ‘व्हीएफटीएस २४३’ ही जोडी पुढे आली: सुमारे २५ सूर्यांएवढा तप्त तारा आणि त्याच्याभोवती किमान नऊ सूर्यांएवढं कृष्णविवर. साडेदहा दिवसांहून कमी काळात फेरी पूर्ण होते. कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे. म्हणूनच ते कृष्णविवर घडताना मोठा स्फोट झालाच नसावा, असं टोमर शेनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटतं.