‘अल्पशा आजाराने’

वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता मी गेली काही वर्षं वय बघत वाचतो. ५२, ५८, ६१. मग कारण शोधतो. बहुतेक ठिकाणी ठरलेला शब्दप्रयोग असतो: ‘अल्पशा आजाराने’. वाचणाऱ्याला वाटतं, धडधाकट माणूस बघता बघता गेला. पण ज्या रक्तदाबानं मेंदूतली रक्तवाहिनी फुटते, तो बहुधा दहा-पंधरा वर्षं त्या शरीरात मुक्कामाला असतो. त्या आजाराला अल्पसा म्हणणं मला पटत नाही.

१९९० साली भारतातल्या दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे ३८ मृत्यू हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग, फुप्फुसांचे जुनाट विकार अशा असंसर्गजन्य आजारांचे होते. २०१६ साली हे प्रमाण ६२च्या घरात गेलं. याच काळात संसर्ग, बाळंतपण आणि कुपोषण यांचा वाटा ५४वरून २८च्या खाली आला. या बदलात एक चांगली बातमी आहे, ती आधी सांगायला हवी. हगवण, गोवर, धनुर्वातानं दगावणारी मुलं जगू लागली आणि जगलेली माणसं म्हातारी होऊ लागली. म्हाताऱ्या समाजात हृदयविकाराचा वाटा वाढणारच. त्यामुळे नुसत्या टक्केवारीनं घाबरून जाऊ नये. वाढत्या वयाचा परिणाम बाजूला काढून हिशेब करावा लागतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२५ साली असा हिशेब आला. २०१० ते २०१९ या काळात, असंसर्गजन्य आजारानं ऐंशीच्या आत मरण येण्याची शक्यता जगातल्या पाचपैकी सुमारे चार देशांत घटली. भारतात ती स्त्रिया आणि पुरुष दोघांतही वाढली. घाबरायचं असेल तर या आकड्याला घाबरावं.

हे शहरातल्या सुखवस्तूंचे आजार, असं अजूनही म्हटलं जातं. असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ८६ गावांत, सुमारे ९४ हजार वस्तीत, एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांतला प्रत्येक मृत्यू तपासला. दवाखान्याचे कागद फारसे नव्हतेच. घरच्यांशी बोलून, शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते विचारून कारण ठरवलं गेलं. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे निघाले. मरणाच्या कारणांत पहिला क्रमांक लकव्याचा! यातली सत्त्याऐंशी टक्के माणसं घरीच गेली. नवजात बाळांना घरोघरी जाऊन वाचवण्याची जी पद्धत पुढे आशाताईंमार्फत देशभर गेली, ती याच परिसरात उभी राहिली होती. जिथे बाळांचे मृत्यू रोखायला शिकलो, तिथेच आजोबा-आजी लकव्यानं खाटेवर पडून जात होते आणि कुणाच्या खात्यावर ते मांडले जात नव्हते.

कारण आपल्याकडे मृत्यूची नोंद होते, पण त्याचं कारण बहुतेक वेळा नोंदवलंच जात नाही. २०२० साली देशात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले. डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले त्यात जेमतेम साडेबावीस टक्के. त्यातही सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ एक-तृतीयांश, हृदय आणि रक्ताभिसरणाच्या विकारांचा होता.

कारण लिहिण्याचा कागद एकदा नीट पाहण्यासारखा आहे. नमुना ४, रुग्णालयातल्या मृत्यूसाठी. पहिल्या ओळीत मृत्यूचं तत्काळ कारण, खालच्या ओळींत त्यामागचं मूळ कारण. नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ असं लिहू नये, ही सूचना त्यावरच छापलेली असते. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. उजवीकडे एक अरुंद रकाना आहे: आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा अंदाजे काळ. नीट भरलेला कागद असा दिसतो: मेंदूतला रक्तस्राव, दोन दिवस, त्याखाली उच्च रक्तदाब, बारा वर्षं. ‘अल्पशा आजारा’ची खरी लांबी या रकान्यात कळते. तो कोरा राहिला, तर राज्याला औषधं कुठे पाठवायची ते कसं कळणार?

औषधं महाग नाहीत. रक्तदाबाची रोजची साधी गोळी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. एकच ठरलेली औषधयोजना, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, आणि तारखेला न आलेल्याचा पाठपुरावा, एवढीच त्याची रीत. अवघड आहे ते गोळी चालू ठेवणं. ‘आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही, म्हणून तर तो मोजावा लागतो.

दिवाळीत घर भरलेलं असेल. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब या चार दिवसांत मोजून घ्या आणि आकडा वहीत लिहा. आणि कधी घरातलं माणूस रुग्णालयात दगावलं, तर दुःखातही एवढं करा: मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत मागा. २०२३च्या दुरुस्तीनंतर ती जवळच्या नातेवाइकाला देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. उजवीकडचा रकाना कोरा असेल, तर डॉक्टरांना तो भरायला सांगा.