डॉनच्या वळणावरचे होनवेद

हंगेरियन भाषेत सैनिकाला 'होनवेद' म्हणतात. 'होन' म्हणजे मायभूमी आणि 'वेद' म्हणजे राखणारा. आपल्या वेदांशी त्याचं काही नातं नाही. हा शब्द लोकांच्या मनात रुजला तो १८४८-४९ च्या स्वातंत्र्ययुद्धात. त्या युद्धाचा नेता लायोश कोशुत याच्या हाकेला ओ देऊन मैदानी मुलखातली शेतकऱ्यांची पोरं भरती झाली, ती होनवेद पलटणींत. ते युद्ध हंगेरी हरली, पण शब्द टिकला. आजही हंगेरीच्या सैन्याच्या नावात तो आहे.

जानेवारी १९४३ मध्ये हेच होनवेद बुडापेस्टपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर, रशियात व्होरोनेझच्या दक्षिणेला, डॉन नदीच्या काठी खंदकांत बसले होते. थंडी उणे तीस अंशांच्या खाली उतरत होती. ज्या मायभूमीची राखण करायची, ती पाठीमागे इतकी दूर राहिली होती की तिथून आलेलं पत्र हातात पडेपर्यंत त्यातली खबर शिळी झालेली असे. दुसऱ्या हंगेरियन सेनेचा तिथे झालेला विनाश हा हंगेरीच्या आधुनिक लष्करी इतिहासातला सर्वांत मोठा घाव आहे. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या पुस्तकांत त्या हिवाळ्याचं सगळं पान स्टॅलिनग्राड खाऊन टाकतं, आणि वायव्येकडच्या डॉनकाठी काय घडलं ते समासातच राहतं.

ही सेना तिथे गेलीच कशाला? उत्तरासाठी १९२० पर्यंत मागे जावं लागतं. पहिल्या महायुद्धानंतर ४ जून १९२० रोजी त्रिआनोंचा तह झाला आणि हंगेरीच्या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग गेला. सैन्य ३५,००० माणसांपुरतं राहिलं. सक्तीची भरती बंद झाली, रणगाडे आणि लढाऊ विमानं ठेवायला मनाई झाली. गेलेला मुलूख परत मिळवायचा हा पुढच्या वीस वर्षांचा ध्यास होता, आणि तो शाळेतल्या प्रार्थनेपासून संसदेपर्यंत सगळीकडे भिनला होता. हिटलरने नेमकी हीच नस पकडली. १९३८ च्या व्हिएन्ना निवाड्याने स्लोव्हाकियाचा दक्षिण पट्टा मिळाला आणि ऑगस्ट १९४० च्या दुसऱ्या निवाड्याने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया. देणारा हात जर्मनीचा होता, त्यामुळे परतफेडही तिलाच करायची होती.

पंतप्रधान पाल तेलेकी यांना हे कर्ज कुठवर नेणार ते उमगलं होतं. युगोस्लाव्हियाशी मैत्रीचा करार होऊन काही महिनेच झाले होते आणि जर्मन फौजांना त्याच देशावर चालून जायला हंगेरीतून वाट द्यायची वेळ आली. ३ एप्रिल १९४१ रोजी त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच वर्षी २६ जूनला अनोळखी विमानांनी कश्शा शहरावर बॉम्ब टाकले. हे शहर आज स्लोव्हाकियात आहे आणि त्याचं नाव कोशित्से आहे. विमानं कोणाची होती याचा निकाल इतिहासकारांत अजून लागलेला नाही. सरकारला मात्र एक दिवस पुरला. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान लास्लो बार्दोशी यांनी सोव्हिएत संघाशी युद्ध सुरू झाल्याचं जाहीर केलं.

मॉस्कोच्या दाराशी जर्मन सैन्याला पहिला तडाखा बसला आणि हिटलरला माणसं हवीशी झाली. जानेवारी १९४२ मध्ये जर्मन फील्ड मार्शल कायटेल बुडापेस्टला आला. घासाघीस झाली आणि तीन कोअर, नऊ हलक्या डिव्हिजन, एक चिलखती डिव्हिजन, असं सुमारे दोन लाखांचं सैन्य द्यायचं ठरलं. 'हलकी' म्हणजे जिच्यात तीनऐवजी दोनच रेजिमेंट आहेत अशी डिव्हिजन. माणसं कशी निवडली ते पाहिलं की राज्यकर्त्यांचं मन कळतं. कुठल्याही एका जिल्ह्यावर भार पडू नये म्हणून देशाच्या सगळ्या भागांतून थोडीथोडी भरती केली गेली. त्यात राखीव दलातले, वय झालेले, गरीब शेतमजूर पुष्कळ होते. रुमानियन, रुथेनियन अशा अल्पसंख्याकांचा भरणाही मोठा होता. धडधाकट, सराव झालेलं सैन्य घरी ठेवलं होतं, कारण खरी धास्ती रुमानियाची होती. रुमानिया आणि हंगेरी दोघेही जर्मनीचे दोस्त, पण ट्रान्सिल्व्हेनियावरून एकमेकांचे वैरी. हिटलरची मर्जी कोण राखतो या चढाओढीत दोघांनीही आपापल्या सेना रशियात धाडल्या. आघाडीवर या दोन सेना शेजारीशेजारी आल्या तर आपसातच जुंपेल, म्हणून मध्ये इटालियन सेना बसवली होती. ज्या सैन्याची आघाडी अशी आखावी लागते, त्याला आपण कोणासाठी लढतोय हे कोण समजावणार?

सेनापती होते गुस्ताव यान्यी. कडक शिस्तीचे, हुकमाबाहेर पाऊल न टाकणारे. १९४२ च्या वसंतात आगगाड्या सुटल्या. जर्मनांच्या उन्हाळी मोहिमेबरोबर सेना जुलैत डॉनवर पोचली. रशियनांनी पश्चिम काठावर काही ठिकाणी पाय रोवून ठेवले होते. उरिव्ह आणि कोरोतोयाक इथली ती ठाणी हटवायला जुलैपासून सप्टेंबरपर्यंत झुंज झाली, हजारो माणसं खर्ची पडली, तरी उरिव्हचं ठाणं काही निघालं नाही. हंगेरीचे राज्यपालक मिक्लोश होर्ती यांचा थोरला मुलगा इश्तवान याच आघाडीवर लढाऊ वैमानिक होता. २० ऑगस्ट १९४२ रोजी, हंगेरीच्या राष्ट्रसंत राजा स्टीफनच्या सणादिवशीच, त्याचं विमान कोसळलं. राजपुत्रासारखा वाढवलेला, देशाचा उपराज्यपालक म्हणून निवडलेला माणूस गेला, तरी फौज जिथे होती तिथेच राहिली.

मग हिवाळा आला. सेनेकडे सुमारे २०० किलोमीटरची आघाडी होती. रणगाडाविरोधी म्हणून ज्या ३७ मिलिमीटर तोफा होत्या, त्यांचे गोळे टी-३४ रणगाड्याच्या चिलखतावरून उडून जात. जर्मनीने कबूल केलेली जड शस्त्रं थोडी आली, तीही उशिरा. नदी हीच तटबंदी, असा सगळा हिशेब होता, पण नदी गोठली आणि रणगाडे पेलणारा रस्ता झाली.

माझं मन अडकलं ते घोड्यांपाशी. या सेनेच्या तोफा घोडे ओढत. डॉनकाठी चारा उरला नाही, तेव्हा घोडे आघाडीपासून पुष्कळ मागे, जिथे वैरण मिळेल तिथे नेऊन ठेवले. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला यात गैर वाटणार नाही, जनावर उपाशी कसं ठेवायचं? पण त्याचा अर्थ असा होता की माघार घ्यायची वेळ आली तर तोफा ओढायला कोणीच नव्हतं. मग त्या होत्या तिथेच बर्फात राहिल्या. अशीच गोष्ट बदली सैनिकांची. जानेवारीच्या सुरुवातीला थकलेल्यांची जागा घ्यायला घरून नवी माणसं येऊ लागली. त्यातल्या अनेकांकडे बंदुका नव्हत्या. जाणाऱ्याची बंदूक येणाऱ्याने घ्यायची, असा बेत होता. हल्ला झाला तो या देवघेवीच्या मधोमध.

१२ जानेवारीला उरिव्हच्या ठाण्यातून मोस्कालेंको यांची सोव्हिएत ४० वी सेना तुटून पडली. १४ तारखेला दक्षिणेला श्चुचयेपाशी दुसरा घाव बसला. मराठी माणसाच्या मनात १४ जानेवारी म्हटलं की संक्रांत आणि पानिपत एकदम उभे राहतात. हंगेरीत हीच जागा मोहाचची आहे. १५२६ मध्ये तिथे तुर्कांनी हंगेरियनांचं राज्य मोडलं, आणि आजही काही नुकसान झालं की तिथली माणसं 'मोहाचला याहून जास्त गेलं' म्हणून स्वतःची समजूत घालतात. डॉनच्या बाबतीत ती समजूत कोणाला पटत नाही.

पाठीमागे राखीव म्हणून जर्मन क्रामर कोअर उभी होती, पण ती हलवायला हिटलरची परवानगी लागे. यान्यी माघारीची मुभा मागत राहिले आणि वरून नकार येत राहिला. हुकूम आला तेव्हा आघाडी फाटली होती, ऑस्त्रोगोझ्स्कला वेढा पडत होता, आणि माणसं गुडघाभर बर्फातून पश्चिमेला चालत होती. वाटेवरची ऊबदार घरं आणि मोटारी जर्मन तुकड्या आपल्यासाठी राखत, हंगेरियनांना बाहेर काढत. या माघारीतून परतलेल्यांच्या आठवणींत रशियन तोफांइतकाच हा अपमान बोचतो.

उत्तरेकडची तिसरी कोअर उरलेल्या सेनेपासून तुटून जर्मनांच्या हाताखाली गेली. अन्न संपलं, दारूगोळा संपला. १ फेब्रुवारीला तिचे सेनापती मार्सेल श्टोम यांनी कोअर विसर्जित केली. आता मी तुम्हाला काही देऊ शकत नाही, ज्याने त्याने आपली वाट शोधावी, असा त्या शेवटच्या हुकमाचा आशय होता. श्टोम कैद झाले आणि हिमदंशाने त्यांचे दोन्ही पाय गेले.

त्याआधीच, २४ जानेवारीला, यान्यींनी आपल्याच सेनेला उद्देशून एक हुकूम काढला. दुसऱ्या हंगेरियन सेनेने आपली अब्रू गमावली आहे, ही त्याची सुरुवात. मोजकी माणसं सोडली तर कोणीही कर्तव्य केलं नाही, असं त्यात होतं. आजारी, जखमी, हिमदंश झालेले, कोणालाही घरी सोडणार नाही, ही ताकीद होती, आणि शिस्तीसाठी जागच्या जागी ठार करण्याची मुभाही. पुढे हा हुकूम त्यांनीच मागे घेतला. पण अब्रू गेल्याचं कागदावर एकदा उतरलं की कितीही शाई ओतून ते पुसत नाही. मला वाटतं, अब्रूचा सवाल त्या खंदकांत विचारायचाच नव्हता. तो बुडापेस्टच्या आणि बर्लिनच्या कचेऱ्यांत विचारायला हवा होता.

तरीही या सैनिकांकडे नुसतं बळी म्हणून पाहता येत नाही. ब्रियान्स्कच्या जंगलपट्ट्यात पार्टिझानांच्या, म्हणजे गनिमी लढवय्यांच्या, बंदोबस्ताला नेमलेल्या हंगेरियन तुकड्यांनी गावं जाळली, निःशस्त्र माणसं मारली. आणि खुद्द डॉनकाठच्या सेनेत एक दुसरी सेना होती, जिच्या हातात बंदूक नव्हती. १९३९ च्या कायद्याने आलेली 'मुन्कासोलगालत', म्हणजे श्रमसेवा. ज्यू पुरुषांना गणवेश नाही. अंगावर घरचे कपडे आणि दंडाला पिवळी पट्टी, धर्मांतरितांना पांढरी. हातात कुदळ, फावडं. खंदक खणायचे, बर्फ उपसायचा आणि सुरुंग काढायचे, तेही अनेकदा कोणत्याही अवजाराविना. त्यांच्यावर पहारा करणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्यांना जिवंत परत न्यायचं नाही असंच ठरवलेलं होतं.

त्यांच्यात आतिला पेत्चाउएर होता. तलवारबाजीत हंगेरीला १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला आणि १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला सांघिक सुवर्णपदक मिळवून देणारा. जानेवारी १९४३ मध्ये तो दाविदोव्का इथे मेला. १९३६ चा ऑलिंपिक कुस्तीविजेता कारोली कार्पाती तेव्हा त्याच्याबरोबर श्रमसेवेत होता. पहारेकऱ्यांनी पेत्चाउएरला कडाक्याच्या थंडीत उघडं करून झाडावर चढायला लावलं, अंगावर पाणी मारलं, अशी हकिगत कार्पातीने पुढे सांगितली. एप्रिलच्या अखेरीस दोरोशिच इथे टायफसने आजारी पडलेल्या श्रमसैनिकांना ठेवलेल्या गोठ्याला आग लागली आणि शेकडो जण त्यात गेले. ज्यांना होनवेद हा शब्दसुद्धा नाकारला होता, त्यांचं मरणही त्याच मोहिमेत झालं.

एक माणूस मात्र वेगळा निघाला. सप्टेंबर १९४२ मध्ये व्हिल्मोश नॉज संरक्षणमंत्री झाले. आघाडीला जाऊन त्यांनी श्रमसैनिकांची दशा डोळ्यांनी पाहिली, मारहाणीला मनाई केली, अन्न-कपड्यांचे आदेश काढले आणि क्रूर अधिकाऱ्यांवर खटले सुरू केले. उजव्या कट्टरांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवलं आणि जून १९४३ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. पुढे १९६५ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने त्यांना 'राष्ट्रांतील सत्पुरुष' हा मान दिला. त्याच श्रमसेवेचा एक विचित्र पलटाही झाला. मार्च १९४४ मध्ये जर्मनांनी हंगेरी व्यापली आणि मे ते जुलै या काळात चार लाखांहून अधिक ज्यू आउशविट्झच्या गाड्यांत कोंबले गेले. तेव्हा श्रमसेवेचं बोलावणं हाती पडलेले काही पुरुष त्यामुळेच वाचले.

डॉनकाठी मेले, जखमी झाले किंवा कैद झाले, त्यांची संख्या लाखाच्या वर जाते. जवळजवळ सगळी जड शस्त्रं गेली. उरलेली सेना १९४३ च्या वसंतात घरी आली. युद्धानंतरच्या साम्यवादी राजवटीत या मृतांना जागा नव्हती. रशियावर चालून गेलेल्यांसाठी स्मारक कोण उभारणार? घरोघरच्या बायका एक तसबीर ठेवून गप्प राहिल्या. १९७२ मध्ये इश्तवान नेमेशकुर्ती यांनी या सेनेवर पुस्तक लिहिलं आणि खळबळ उडाली. शांदोर शारा यांनी वाचलेल्या सैनिकांना कॅमेऱ्यासमोर बसवून 'क्रोनिका' ही मालिका केली. १९८२ मध्ये ती दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि मध्येच थांबवली गेली. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना चाळीस वर्षांनी पहिल्यांदा कोणी विचारलं होतं, तिथे काय झालं.

यान्यी युद्धानंतर जर्मनीतल्या अमेरिकी विभागात सुरक्षित होते. १९४६ मध्ये ते आपण होऊन परतले, लोकन्यायालयासमोर उभे राहिले, आणि २६ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी पाकोझ्द इथे, १८४८ मध्ये होनवेदांनी पहिला विजय मिळवलेल्या टेकडीवर, डॉनच्या मृतांसाठी प्रार्थनामंदिर उभं राहिलं.

व्होरोनेझजवळ रुदकिनो इथे आता मोठी हंगेरियन लष्करी दफनभूमी आहे. आजूबाजूच्या शेतांत, जुन्या खंदकांत सापडलेली हाडं तिथे आणून पुरतात. हंगेरियन सैनिकाच्या गळ्यात ओळखीसाठी पत्र्याची छोटी डबी असे. सैनिकांच्या बोलीत तिला 'मढ्याची चिठ्ठी' म्हणत. जर्मन बिल्ल्यावर क्रमांक कोरलेला असायचा, पण या डबीत घडी घातलेला कागद असे. त्यावर नाव, जन्मसाल आणि गाव. खोदणारे ती डबी हळूच उघडतात. पुष्कळदा आत ओला गोळा निघतो, गंजाच्या रंगाचा. कधी एखाद्या घडीच्या आत, जिथे पाणी पोचलं नाही तिथे, गावाच्या नावाची दोन अक्षरं अजून वाचता येतात.