ताट वेगळे करण्यापूर्वी

घरातील एखाद्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले, की पुष्कळदा प्रथम वेगळे होते ते त्याचे ताट. मग तांब्या-भांडे, अंथरूण. हळूहळू नातवंडांनाही त्याच्यापासून दूर ठेवले जाते. कोपरगाव परिसरात वैद्यकीय व्यवसाय करताना मी हे अनेकदा पाहिले आहे. घरातील अशा गोष्टींत ज्येष्ठांचा शब्द अखेरचा असतो. म्हणून हे आपल्यासाठी लिहीत आहे.

हा विषाणू असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त व दूषित सुई यांतून, तसेच गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी वा स्तनपानातून मातेकडून बाळाकडे जातो. सहभोजन, एकच शौचालय, डास, खोकला वा मिठी यांतून तो पसरत नाही. शुश्रूषा करताना रक्ताशी संपर्क येणार असेल, तर हातमोजे घालावेत.

एप्रिल २००४ पासून शासकीय एआरटी केंद्रांतून यावरील औषधे मोफत मिळू लागली. ती नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू तपासणीतही आढळेनासा होतो आणि ही स्थिती टिकल्यास शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. परंतु घरच्यांच्या नजरेच्या धाकाने ज्याला गोळ्यांची डबी लपवावी लागते, त्याच्या गोळ्या चुकतात. मग विषाणू पुन्हा बळावतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. वेगळ्या ताटाने कोणाचेही रक्षण होत नाही. रुग्णाचा उपचार मात्र ढासळतो.

उपचारांमुळे आज अनेक बाधित साठी ओलांडत आहेत. त्यांनी लाजेपोटी आपल्या डॉक्टरांपासून हे लपवू नये. डोलुटेग्राव्हिर हे प्रचलित औषध आम्लपित्तावरील काही औषधांसोबत घेतल्यास नीट शोषले जात नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिनची रक्तातील पातळी त्यामुळे वाढते.

केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारलेल्या एका रोजंदारी कामगाराच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये निकाल दिला. त्या निकालपत्रात त्याचा उल्लेख 'एमएक्स' एवढाच आहे. न्याय मिळवतानाही त्याला नाव झाकावे लागले. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा बाधितास कुटुंबाच्या सामाईक घरात राहण्याचा व तेथील सोयी भेदभावाविना वापरण्याचा हक्क देतो. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर विचारावे.

कायदा घराचे दार उघडे ठेवू शकतो. आपल्या पंगतीत शेजारी बसवून वाढण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.