लखलखीत हेड आणि न दिसणारी मापं

घाटात गाडी हीट झाली, रेडिएटरमधलं पाणी संपलं आणि तरीही ती तशीच पुढे दामटली, की मेकॅनिकचं वाक्य ठरलेलं : ‘हेड उतरवावं लागेल.’ लेथवाल्याकडून ते हेड परत येतं तेव्हा घासलेल्या चांदीच्या भांड्यासारखं लखलखत असतं आणि बिल देताना आपण तेवढंच पाहतो. ही चकाकी काचेच्या बारीक मण्यांचा मारा करूनही आणता येते. धुण्यात कसूर झाली तर तेच मणी ऑइलच्या वाटेत दडून बसतात आणि पुढे बेअरिंगं खातात.

अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापमान एका अंशाने वाढलं तर मीटरभर ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, बीड त्याच्या जेमतेम निम्मं. रोजच्या धावपळीत हा फरक खपून जातो. पाणी संपल्यावर मात्र हेडला पसरायचं असतं आणि बोल्ट त्याला जागचं हलू देत नाहीत. मग ते मधोमध फुगतं आणि गार झाल्यावरही वाकलेलंच राहतं.

हा वाक सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून मोजतात : लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. ०.०५ मिलिमीटरची पाती पट्टीखालून सरकू लागली, की जाणकार सावध होतो. फेसिंग मारलं, म्हणजे तळ यंत्रावर घासला, की तो सपाट होतो खरा, पण वाकलेलं असतं अख्खं हेड. कॅमशाफ्ट हेडमध्येच असेल, तर वर त्याच्या बेअरिंगांची रांग वाकडीच राहते. अशा हेडात शाफ्ट अडकतो, प्रसंगी मोडतोही. म्हणून चांगला कारागीर हेड आधी भट्टीत तापवून सरळ करतो आणि मगच घासतो. हे काम झालंय का, ते तिथल्या तिथे कळतं. व्हॉल्व्ह न बसवता, ऑइल लावून शाफ्ट ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळायच्या आणि हाताने फिरवायचा. कुठेही न अडता फिरला पाहिजे.

व्हॉल्व्हच्या कामात क्रम चुकला की सगळं चुकलं. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट कापणारं हत्यार व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये बसवलेल्या पायलटच्या आधाराने फिरतं. गाइड झिजलेलंच ठेवून सीट कापली तर ती केंद्र सोडून कापली जाते. एग्झॉस्ट व्हॉल्व्हची सुमारे तीन-चतुर्थांश उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. तिथे नीट टेकला नाही, तर तो व्हॉल्व्ह जळतो. सीटवर निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवला की त्याच्यावर अखंड कडं उमटायला हवं. पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाहण्याची जुनी रीत फक्त ढोबळ गळती दाखवते. व्हॅक्यूम पंपाचा काटा बारीक गळतीही सांगतो. पाण्याच्या वाटा बंद करून, आत हवेचा दाब देऊन हेड गरम पाण्यात बुडवणं, म्हणजे प्रेशर टेस्ट, तर हवीच. दोन सीटमधल्या अरुंद पट्टीतली चीर नुसत्या नजरेला क्वचितच दिसते.

मी मात्र सगळ्यात आधी हार्डनेस विचारेन, आणि नेमकं तेच सहसा कुणी मोजत नाही. हेडच्या मिश्रधातूला कणखरपणा येतो तो तापवून, झटकन थंड करून, पुन्हा साधारण १५० ते २०० अंशांवर मुरवल्याने. मुरताना धातूत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि त्याचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा हा गुण जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांच्या १९०६ मध्ये लक्षात आला. हेड बेसुमार तापलं की हे कण मोठे आणि विरळ होतात, धातू मऊ पडतो. सरळ करतानाही भट्टी बेताबाहेर गेली तर तेच होतं. असं हेड पट्टीखाली सपाट दिसतं, प्रेशर टेस्टही पार करतं. मग काही महिन्यांत हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटचं कडं त्यात रुततं, बोल्टांचा ताण उतरतो आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे सुरू. हार्डनेस मोजायच्या ब्रिनेल चाचणीत कठीण गोळी ठरावीक भाराने दाबून खळगा मोजतात. काम थोडक्यात होतं, पण ते यंत्र सगळ्यांकडे नसतं.

डिझेलवाल्यांना आणखी एक व्याप. काही इंजिनांचं हेड घासूच नये, असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. घासल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, इंजेक्टरचं टोकही जास्त बाहेर डोकावतं. सीट तेवढ्याच खोल घेऊन आणि इंजेक्टरखालचे वॉशर बदलून ते सावरता येतं, काही इंजिनांना जाड गॅस्केटही मिळतं. पण त्यासाठी नेमकं किती मिलिमीटर घासलं, हा आकडा लेथवाल्याने बिलावर लिहून द्यायला हवा.