जीप कधी सुरू, कधी बंद?

हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात निघावे, वा रात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यावे, आणि नेमकी तेव्हाच जुनी जीप अडते; सकाळी मात्र चटकन सुरू होते. पुष्कळजण लगेच नवी बॅटरी आणतात. शेतकरी बंधूंनो, त्याआधी दोष शोधा.

गाडी अडलेली असतानाच पाहावे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हेडलाइट लावा व चावी फिरवा.

दिवे एकदम मंदावले, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच राहिले व आवाजही नाही, तर चावीचा स्विच आणि सोलेनॉइडची बारीक वायर तपासावी. दिवे चांगले, पण नुसताच ‘टक्’ आवाज येत असेल, तर सोलेनॉइड किंवा स्टार्टरचे कार्बन झिजले असावेत.

टर्मिनलवरील पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. इंजिन व चासी जोडणारी अर्थची पट्टी घासून घट्ट करावी. बॅटरीची अर्थची वायर आधी सोडावी, जोडताना शेवटी जोडावी. जवळ विडी-काडी नको.

एवढे करूनही गाडी अडली, तरच मिस्त्रीकडे जावे आणि काय दिसले ते त्याला सांगावे. नवी बॅटरी सर्वांत शेवटी.