काँग्रेस रोडवरची विहीर

"अज्जा, या रोडला काँग्रेसचं नाव कसं?" टिळकवाडीतून जाताना नातीने विचारले. मी तिला विहिरीपाशी नेले. रोज इथून जातो, पण थांबतो कोण?

डिसेंबर १९२४ मध्ये इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आपल्या बेळगावात! प्रतिनिधींच्या पाण्यासाठी ही विहीर खणली. जवळच त्या आठवणीचे वीरसौध आहे. अधिवेशनाचा सारा भार वाहिला गंगाधरराव देशपांडे यांनी. त्यांना 'कर्नाटकसिंह' म्हणत. आत्मचरित्र 'माझी जीवनकथा' मात्र त्यांनी मराठीत लिहिले.

"मग ते कन्नड की मराठी?"

"आपल्या घरासारखेच," मी म्हणालो. नात विहिरीत वाकून पाहू लागली.