चिंक्वे तेर्रे

चिंक्वे तेर्रे हा इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील, लिगुरिया प्रदेशाच्या ला स्पेत्सिया प्रांतात मोडणारा डोंगराळ सागरतटीय भूभाग आहे. इटालियन भाषेत ‘चिंक्वे’ म्हणजे पाच आणि ‘तेर्रे’ म्हणजे भूमी. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना मोंतेरोस्सो अल मारे, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे अशी पाच गावे येथे लागतात. कड्यांना बिलगलेली रंगीत घरे, समुद्रात थेट उतरणारे डोंगर आणि त्यांवर पायऱ्यांसारख्या रचलेल्या द्राक्षबागा यांमुळे हा परिसर दोन-तीन दिवसांच्या सहलीसाठी जगभर प्रसिद्ध झाला आहे. पोर्तोवेनेरे हे शेजारचे गाव आणि पाल्मारिया, टीनो व टीनेत्तो ही बेटे यांसह त्याचा समावेश १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला. १९९९ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. सुमारे ३,८०० हेक्टरांचे हे उद्यान इटलीतील सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यान मानले जाते.

‘निसर्गरम्य’ हे विशेषण या परिसराला सर्रास लावले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. येथील समुद्र आणि कडे निसर्गाचे असले, तरी डोंगराचा आज दिसणारा आकार माणसाने घडवलेला आहे. युनेस्कोनेही त्याची नोंद नैसर्गिक स्थळ म्हणून न करता सांस्कृतिक भूदृश्य म्हणून केली आहे. हे भूदृश्य ज्या शेतीमुळे टिकले, ती शेती मात्र झपाट्याने आटत चालली आहे.

गडगे आणि बागा

मूळ डोंगरउतार इतका तीव्र आहे की त्यावर सपाट जमीन जवळजवळ नाहीच. मध्ययुगात, साधारण अकराव्या-बाराव्या शतकापासून, येथील शेतकऱ्यांनी उतारावरची झाडी तोडली, निघालेले दगड फोडले आणि त्यांचे आडवे बांध रचून मागे माती भरली. या भिंतींत चुना किंवा सिमेंट नसते. कोकणातील गडग्याप्रमाणे दगडावर दगड नेमका बसवून, केवळ वजनाच्या आधारावर त्या उभ्या राहतात. या भिंतींची एकूण लांबी काही हजार किलोमीटर असल्याचे सांगितले जाते आणि तिची तुलना अनेकदा चीनच्या भिंतीशी केली जाते. तुलना ढोबळ आहे, पण कष्टाच्या प्रमाणाची कल्पना तिच्यातून येते.

अशा भिंतीचे खरे काम पाण्याला वाट देण्याचे असते. दर्शनी दगडांमागे बारीक खडीचा थर भरलेला असतो. पावसाचे पाणी मातीतून झिरपून या थरात येते आणि दगडांच्या फटींतून बाहेर पडते. माती मागेच राहते. फटी मातीने बुजल्या, झाडाची मुळे आत शिरली किंवा एखादा दगड निखळला की पाणी मागे तुंबते, भिंत मध्यभागी फुगते आणि एखाद्या मोठ्या पावसात कोसळते. म्हणून दर हिवाळ्यात भिंतींची पाहणी करून पडलेला भाग पुन्हा रचावा लागतो. एक भिंत पडू दिली तर तिच्यावरची माती खालच्या भिंतीवर येते, आणि शेजाऱ्याचे शेतही धोक्यात येते. गडगे रचण्याची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. तो प्रस्ताव इटली, क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड या आठ देशांनी मिळून मांडला होता.

या पट्ट्यांवर प्रामुख्याने बोस्को, आल्बारोला आणि वेर्मेंतीनो या पांढऱ्या द्राक्षांच्या जाती लावल्या जातात. पारंपरिक पद्धतीत वेल बुटक्या मांडवावर पसरवलेले असतात. नाशिककडच्या बागेत माणूस मांडवाखाली ताठ उभा राहू शकतो. येथे समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यापासून वेल वाचवण्यासाठी मांडव इतका खाली ठेवतात की खुडणी करणाऱ्याला त्याखालून वाकून किंवा रांगत जावे लागते. पट्टे अरुंद असल्यामुळे ट्रॅक्टर चालत नाही. भरलेल्या पाट्या पूर्वी डोक्यावरून किंवा खांद्यावरून शेकडो पायऱ्या पार करून न्याव्या लागत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाच दातेरी रुळावर चालणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्या बसवण्यात आल्या, आणि हे काम काहीसे सुसह्य झाले.

येथील कोरड्या पांढऱ्या वाइनला आणि ‘शाक्केत्रा’ नावाच्या गोड वाइनला १९७३ मध्ये नियंत्रित उत्पत्तिनामाचा दर्जा मिळाला. शाक्केत्रासाठी निवडक घड हवेशीर जागी, उन्हापासून दूर, किमान नोव्हेंबर उजाडेपर्यंत वाळवतात. जवळजवळ बेदाण्यासारखे सुकलेले मणी हाताने वेगळे करून त्यांचा रस काढला जातो. ताज्या द्राक्षांच्या वजनाच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याइतकीच वाइन त्यातून हाती येते. त्यामुळे ती महाग असते आणि अनेक घरांत लग्न वा बारशासारख्या प्रसंगासाठी जपून ठेवली जाते. कोर्नील्याच्या वाइनची कीर्ती जुनी आहे. चौदाव्या शतकात बोकाच्चोने आपल्या ‘डेकामेरॉन’ या कथासंग्रहात तिचा उल्लेख केलेला आढळतो.

शेतीची घसरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही गावे पायवाटांनी आणि होड्यांनीच बाहेरच्या जगाशी जोडलेली होती. १८६० च्या दशकात ला स्पेत्सिया येथे नौदलाची मोठी गोदी उभी राहिली आणि पुढच्या दशकात जेनोवा ते ला स्पेत्सिया लोहमार्ग सुरू झाला. या भागात तो बहुतांश बोगद्यांतून जातो. महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी काही मिनिटांच्या प्रवासावर आली, तेव्हा पुरुष गोदीत जाऊ लागले आणि बागा सुट्टीच्या दिवशी पाहण्याचे काम झाले. विसाव्या शतकात वेलींच्या मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा या किडीने आणखी हानी केली. एकेकाळी हजार हेक्टरांहून अधिक असलेले द्राक्षबागांचे क्षेत्र आज सुमारे शंभर हेक्टरांवर आले आहे. उरलेल्या उतारावर पाइनची झाडे आणि काटेरी झुडपे माजली आहेत.

ज्या लोहमार्गाने माणसे शेतातून काढून नेली, त्याच मार्गाने नंतर पर्यटक आणले. मुंबई-पुण्याकडे नोकरीसाठी गेलेल्या आणि पुढे पाहुण्यांसाठी खोल्या बांधलेल्या कोकणातल्या गावांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. पर्यटनामुळे गावे ओस पडली नाहीत, हे मान्य करावेच लागते. पण उन्हाळ्यात एक खोली भाड्याने देऊन जे उत्पन्न मिळते, ते वर्षभर बाग कसून मिळणे कठीण असते. जमिनीचे तुकडे अगदी लहान आहेत, अनेकांचे वारस परगावी आहेत आणि भिंत रचणारे कारागीर मोजकेच उरले आहेत. मानारोलाजवळ ग्रोप्पो येथील शेतकऱ्यांच्या सहकारी वायनरीने छोट्या बागायतदारांना काहीसा आधार दिला आहे.

२०११ चा पूर

२५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांतच अतिवृष्टी होऊन डोंगरावरून माती, दगड आणि झाडे खाली आली. वेर्नात्साचा मुख्य रस्ता झाकलेल्या ओढ्यावरूनच जातो. तो चिखलाने पहिल्या मजल्याच्या आसपास भरला. वेर्नात्सात तीन आणि मोंतेरोस्सोत एक असे चार जण मृत्युमुखी पडले. वेर्नात्सा काही काळ रिकामे करावे लागले.

वेर्नात्साच्या खोऱ्यात पुढे झालेल्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. दरडी सर्वाधिक कोसळल्या त्या अलीकडच्या काही दशकांत सोडून दिलेल्या पट्ट्यांवर. कसल्या जाणाऱ्या पट्ट्यांत भिंतींची देखभाल होत होती, तर फार पूर्वी सोडलेल्या उतारांवर दाट जंगलाने माती धरून ठेवली होती. या दोहोंमधल्या जमिनीला मात्र धरून ठेवणारा माणूस उरला नव्हता, आणि झाडांची मुळे अजून पुरेशी खोल गेली नव्हती. बागा ओसाड पडणे हा केवळ देखाव्याचा वा परंपरेचा प्रश्न नसून खालच्या वस्तीच्या सुरक्षिततेचा आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

पर्यटन

मिलानहून रेल्वेने सुमारे तीन तासांत येथे पोहोचता येते. ला स्पेत्सियाहून रियोमाज्जोरे दहा मिनिटांच्या आत येते आणि पुढची गावे एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. गावांत बाहेरच्या मोटारींना प्रवेश जवळजवळ नाही. उन्हाळ्यात होड्याही चालतात, पण कोर्नील्याला त्या थांबत नाहीत. ते गाव समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर असून स्थानकापासून वर जाण्यासाठी ३८० च्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. वाळूचा मोठा किनारा फक्त मोंतेरोस्सोला आहे. तेथील खारवलेल्या अँचोव्ही मासळीची आणि लिंबांची ख्याती आहे. १९७५ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारे कवी एउजेनियो मोंताले यांचे बालपणीचे उन्हाळे याच गावी गेले.

गावांना जोडणारी ‘निळी वाट’ सुमारे बारा किलोमीटरची आहे, पण दरडींमुळे तिचे काही टप्पे वारंवार बंद असतात. रियोमाज्जोरे ते मानारोला हा तिचा सुमारे एक किलोमीटरचा टप्पा ‘प्रेमाची वाट’ म्हणून ओळखला जातो. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथे दगड कोसळून चार पर्यटक जखमी झाले. त्यानंतर बंद झालेली ही वाट २०२४ मध्ये, वेळ ठरवून घ्यावयाच्या तिकिटासह पुन्हा खुली झाली.

तिन्ही नगरपालिकांची मिळून लोकसंख्या चार हजारांच्या आत आहे. २०१६ मध्ये पर्यटकांची संख्या वर्षाला १५ लाखांवर मर्यादित ठेवण्याचा विचार मांडला गेला, तेव्हा ती सुमारे २५ लाखांपर्यंत गेल्याचे सांगितले जात होते. त्यांतील बरेच जण सकाळी येऊन संध्याकाळी परततात. काही वाटांवर चालण्यासाठी उद्यानाचे कार्ड घ्यावे लागते आणि त्याचे उत्पन्न देखभालीसाठी वापरले जाते. चपला घालून डोंगरवाटांवर जाणाऱ्यांना २०१९ पासून दंडाची तरतूद आहे. हा नियम ऐकायला गमतीदार वाटला तरी अवघड जागी अडकलेल्यांना सोडवण्याचा भार स्थानिक बचाव पथकांवर पडतो. वसंतात किंवा सप्टेंबरच्या खुडणीच्या सुमारास, आठवडा-मधल्या दिवशी आणि मुक्कामाने आल्यास वरच्या बागांतील वाटा बऱ्याच मोकळ्या मिळतात. भिंतींवर चढून किंवा बसून छायाचित्रे काढणे टाळावे, कारण वरचे दगड सुटेच असतात.

बेटे

पोर्तोवेनेरेसमोरील पाल्मारिया हे लिगुरियातील सर्वांत मोठे बेट आहे. सोनेरी रेघांचा काळा ‘पोर्तोरो’ संगमरवर येथील खाणींतून काढला जात असे. पोर्तोवेनेरेहून होडीने तेथे जाता येते आणि अर्ध्या दिवसात बेटाला पायी फेरी घालता येते. टीनेत्तो हा जेमतेम एक खडक असून त्यावर जुन्या धार्मिक वास्तूंचे अवशेष आहेत. टीनोवर दीपगृह आहे. हे बेट लष्करी हद्दीत असल्यामुळे एरवी तेथे जाता येत नाही. मुख्यतः १३ सप्टेंबरला संत वेनेरियो यांच्या सणाच्या निमित्ताने ते लोकांसाठी खुले होते.